घोरणं आणि हार्ट: आवाज किती मोठा आहे ते सोडा, मध्ये श्वास थांबतोय का ते बघा

घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं काम शेजारी झोपणाऱ्या माणसाने करायचंय. बायको, नवरा, भाऊ, रूममेट, जो कोण असेल तो. ज्याची झोपमोड होते त्याच्याकडेच खरी माहिती असते आणि नेमकं त्यालाच कोणी काही विचारत नाही. घोरणाऱ्याला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं, "मी? मी कुठे घोरतो?"

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. घोरतो म्हणजे हार्ट अटॅक येणार असं काही नाहीये. सर्दी झाली, खूप दमलो, पाठीवर झोपलो की बरेच जण घोरतात आणि त्यातल्या अनेकांच्या हार्टला काही होत नाही. पण काही जणांचं घोरणं म्हणजे घशातला हवेचा रस्ता रात्रभर बंद पडतोय आणि परत उघडतोय त्याचा आवाज असतो. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि हार्टशी संबंध आहे तो मुख्यतः याचा. २०१९ मध्ये आलेल्या एका अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयाच्या जवळपास १०० कोटी लोकांना हा कमी-जास्त प्रमाणात आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो कारण झोपेत घडतं ते आठवतं कोणाला.

म्हणून सगळं गाईड एकाच प्रश्नाभोवती आहे, घोरताना मध्येच श्वास थांबतोय का? आवाजाने भिंत हादरली तरी चालेल एकवेळ, पण मध्ये जी शांतता येते ती जास्त महत्त्वाची.

घशात नक्की होतं काय आणि हार्टला काय भोगावं लागतं

जागेपणी घशाचे स्नायू रस्ता उघडा धरून ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात, पडजीभ, मऊ टाळू, जिभेचा मागचा भाग सगळंच थोडं मागे झुकतं, हवा अरुंद जागेतून जाताना ते सगळं थरथरतं आणि आवाज येतो. इथपर्यंत त्रास फक्त शेजारच्याला. पण जागा आणखी अरुंद झाली की आपण जोर लावून हवा आत ओढतो तेव्हा घशाच्या भिंतीच एकमेकींना चिकटतात, ओल्या झालेल्या कागदी स्ट्रॉने जोरात ओढलं की ती चपटी होते ना, तसं. मग श्वास बंद. किमान १० सेकंद बंद राहिला तर त्याला ॲप्निया म्हणून मोजतात, काहींचा अर्धा मिनिट, क्वचित मिनिटभरही राहतो.

या तेवढ्या वेळात हार्टवर तीन बाजूंनी मार बसतो. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, ही पहिली. दुसरी कमी लोकांना माहिती असते, ती म्हणजे रस्ता बंद असतानाही छाती हवा ओढायचा प्रयत्न चालूच ठेवते, त्यामुळे छातीच्या पोकळीत खेच तयार होते आणि ती खेच हार्टच्या भिंतींनाही बाहेर ओढते, म्हणजे हार्टला त्या खेचीच्या विरुद्ध रक्त ढकलावं लागतं. वरचे दोन कप्पे पातळ भिंतींचे असतात, ते ताणले जातात. आणि तिसरी, मेंदू घाबरून अलार्म वाजवतो, ॲड्रिनलिनसारखी केमिकल्स सुटतात, माणूस दोन-चार सेकंद अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, मोठा गचका देऊन श्वास येतो आणि त्या क्षणी बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात. लगेच परत झोप. परत घसा बंद. सिव्हिअर केसमध्ये हे तासाला ३० वेळा किंवा जास्त होतं, म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेच्या वर.

आता बघा, नॉर्मल माणसाचं बीपी झोपेत १० ते २० टक्के खाली येतं, हार्ट आणि रक्तवाहिन्यांचा तोच आरामाचा टाइम. ॲप्निया असेल तर अनेकांचं बीपी रात्री खाली येतच नाही. दिवसा क्लिनिकमध्ये मोजलं की जेमतेम बॉर्डरवर दिसतं आणि रात्री काय चाललंय ते कोणी बघितलेलंच नसतं.

याचे पुढचे परिणाम बऱ्यापैकी नीट अभ्यासले गेलेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लोकांना चार वर्षं फॉलो केलं होतं, २००० साली ते छापून आलं, त्यात तासाला १५ किंवा जास्त वेळा श्वास अडणाऱ्यांमध्ये हाय बीपी होण्याची शक्यता साधारण तिप्पट दिसली. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२१ च्या निवेदनात म्हटलंय की हाय बीपी, हार्ट फेल्युअर (हार्टचं पंपिंग कमी पडणं), कोरोनरी आजार (हार्टच्या रक्तवाहिन्यांचा), एट्रियल फिब्रिलेशन, स्ट्रोक अशा पेशंट्समध्ये ४० ते ८० टक्के लोकांना स्लीप ॲप्निया असतो. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे ठोके अनियमित पडणं, त्यात ट्रीटमेंट करून ठोके जागेवर आणले तरी ॲप्निया तसाच सोडला तर ते परत बिघडायचं प्रमाण जास्त असतं. आणि मेयो क्लिनिकचा २००५ चा एक अभ्यास आहे तो वाचून मी जरा हबकलोच होतो, अचानक हार्ट बंद पडून होणारे मृत्यू एरवी सकाळी ६ ते दुपारी १२ मध्ये जास्त असतात, पण ॲप्नियावाल्यांमध्ये ते मध्यरात्री ते सकाळी ६ या वेळात जास्त होते. म्हणजे बाकीच्यांचं हार्ट ज्या वेळात सगळ्यात सेफ असतं त्याच वेळात यांना धोका.

साधं घोरणं, म्हणजे ज्यात श्वास थांबत नाही, त्याबद्दल अजून वाद आहेत. स्पेनमध्ये पुरुषांना दहा वर्षं फॉलो केलेला एक मोठा अभ्यास आहे, २००५ चा, त्यात नुसतं घोरणाऱ्यांमध्ये हार्टचा धोका न घोरणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा दिसला नाही आणि सिव्हिअर ॲप्निया असून ट्रीटमेंट न घेणाऱ्यांमध्ये चांगलाच जास्त दिसला. म्हणून म्हणतो, पहिलं काम म्हणजे आपलं घोरणं कोणत्या गटातलं ते शोधणं.

मोबाईल काढा आणि रेकॉर्ड करा

याला खर्च शून्य आणि उपयोग प्रचंड. जो घोरतो त्याला आधी विचारून घ्या, चोरून व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाहीये. मोबाईल हातभर अंतरावर ठेवा, बारीक दिवा चालू ठेवा म्हणजे छाती-पोट दिसेल. अख्खी रात्र रेकॉर्ड करायची गरज नाही, वीस-तीस मिनिटांचे दोन-तीन तुकडे पुरे, पण त्यातला एक तुकडा पहाटेचा हवाच, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि त्यात स्नायू सगळ्यात ढिले पडतात. रात्री अकराला ऐकून "ठीक वाटतंय" म्हणून सोडून दिलं तर खरा प्रकार हुकतो. पाठीवर झोपलेला असताना एक आणि कुशीवर असताना एक असं मिळालं तर फारच छान. एकटे झोपत असाल तर आवाज रेकॉर्ड करणारं कुठलंही ॲप लावून झोपा, व्हिडिओ नाही मिळणार पण गॅप ऐकू येतील.

ऐकायचं काय ते सांगतो. घर्र, घर्र, घर्र, आवाज चढत चढत जातो, आणि मग एकदम काहीच नाही. इथे घड्याळ बघा. पाच सेकंद, दहा, पंधरा, वीस. व्हिडिओत बघा, छाती आणि पोट हलतंय पण नाकातोंडातून हवा नाही, कधी कधी छाती आत जाते तेव्हा पोट वर येतं, असं उलटसुलट चाललेलं असतं. मग घशातून खर्रकन मोठा आवाज, किंवा गुदमरल्यासारखा गचका, अंग हलतं, कूस बदलते आणि परत घर्र सुरू. हे जर परत परत होत असेल तर पुढचं सगळं वाचाच. आणि हो, हे बघताना शेजारच्याचा जीव वरखाली होतो, साहजिक आहे, हलवून कुशीवर केलं तरी चालतं, रेकॉर्डिंगसाठी माणसाला गुदमरत ठेवायची काही गरज नाही.

दिवसाच्या खुणा

सकाळी उठल्यावर डोकं जड किंवा दुखणं, तोंड कोरडं, आठ तास झोपूनही शिळं वाटणं, मीटिंगमध्ये किंवा टीव्हीसमोर डुलक्या, चिडचिड, विसरायला होणं. गाडी चालवताना सिग्नलला डोळे मिटत असतील तर हार्टचं नंतर बघू, आधी गाडी चालवणं थांबवा.

एक खूण अशी आहे जी लोक भलत्याच खात्यात टाकतात, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं. पुरुष असेल तर प्रोस्टेट, नाहीतर शुगर असं समजून मोकळे होतात, आणि ते असूही शकतं. पण ॲप्नियामध्ये हार्टचे वरचे कप्पे ताणले जातात असं वर म्हटलं ना, त्या ताणामुळे हार्टला वाटतं की शरीरात पाणी जास्त झालंय आणि ते स्वतः एक हॉर्मोन सोडतं जे किडनीला पाणी बाहेर टाकायला सांगतं. म्हणजे बाथरूमची फेरी असते पण तक्रार हार्टची असते. मला वाटतं डॉक्टरला सांगायच्या यादीत हे लोक सगळ्यात जास्त विसरतात.

बायकांच्या बाबतीत वेगळाच घोळ होतो. त्यांच्यात जोरात घोरणं आणि डुलक्या याऐवजी झोप न लागणं, सारखा थकवा, मूड खराब, सकाळी डोकेदुखी असं जास्त दिसतं आणि मग टेन्शन किंवा वयाच्या नावावर खपवलं जातं. पाळी गेल्यानंतर ॲप्नियाचा धोका वाढतो. प्रेग्नन्सीत नव्याने घोरणं सुरू झालं तर ते डॉक्टरांच्या कानावर घालाच, कारण त्याचा प्रेग्नन्सीतल्या बीपीशी संबंध दिसलाय.

घरच्या घरी मोजमाप

डॉक्टर लोक स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची चाळणी वापरतात, ती तुम्हीही लावू शकता. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं जोरात घोरता का, दिवसा थकवा किंवा झोप येते का, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी पाहिलंय का, हाय बीपी आहे किंवा त्याच्या गोळ्या चालू आहेत का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष आहात का. प्रत्येक हो ला एक मार्क. दोनपर्यंत असेल तर धोका कमी, तीन-चार म्हणजे मधला, पाच आणि पुढे असेल तर बऱ्यापैकी जास्त. गळ्याचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजा, टेप त्वचेला टेकलेली पण आवळलेली नको. पण मार्क कमी आले म्हणून निवांत होऊ नका, बारीक अंगकाठीच्या लोकांनाही ॲप्निया होतो, जबडा लहान किंवा मागे असला, टॉन्सिल मोठे असले की पुरतं.

दुसरं मोजायचं बीपी, आणि इथे बरेच जण घाई करतात. सात दिवस, सकाळ आणि संध्याकाळ, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. सकाळचं लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफी आणि गोळीच्या आधी घ्यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, पाय जमिनीवर, दंड हार्टच्या लेव्हलला, आणि मोजताना बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या नाहीतर रीडिंग खोटं जास्त येतं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, घरी १३५/८५ किंवा त्यावर सरासरी येत असेल तर ते जास्तच. सकाळचं सातत्याने संध्याकाळपेक्षा जास्त येत असेल तर ते वेगळं लिहून ठेवा. आणि तीन वेगवेगळ्या गोळ्या, त्यात एक लघवीची, घेऊनही बीपी ताब्यात येत नसेल तर अशा लोकांत ॲप्निया इतका कॉमन आहे की तपासणी न करणं म्हणजे निव्वळ आळस.

स्मार्टवॉचचं काय? २०२४ पासून ॲपल आणि सॅमसंगच्या काही घड्याळांना ॲप्नियाची शंका दाखवण्यासाठी अमेरिकेत मान्यता आहे. घड्याळाने शंका दाखवली तर डॉक्टरकडे जा, पण घड्याळ गप्प आहे म्हणून काही नाही असं समजू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तेच, जागेपणी ९८ दाखवतंय याचा रात्रीशी काही संबंध नाही.

डॉक्टरकडे जाऊन काय बोलायचं

"डॉक्टर, मी घोरतो" एवढंच म्हणालात तर वजन कमी करा एवढंच ऐकून परत याल. त्यापेक्षा असं बोला, "झोपेत श्वास थांबतो, शेजारच्याने पाहिलंय, हा व्हिडिओ, यात पंचवीस सेकंदाची गॅप आहे, सकाळचं बीपी सरासरी इतकं आहे, रात्री दोनदा उठावं लागतं, दिवसा झोप येते, स्लीप स्टडी करायची का?" शक्य असेल तर ज्याने पाहिलंय त्यालाच सोबत न्या. फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा, ते पुढे छातीविकारवाले, ईएनटी किंवा झोपेचे स्पेशालिस्ट यांच्याकडे पाठवतील. आधीच कार्डिओलॉजिस्टकडे जात असाल, ठोक्यांचा त्रास, हार्ट फेल्युअर, स्टेंट काहीही असेल, तर घोरण्याचा विषय स्वतःहून काढा, ओपीडीच्या गर्दीत तो कोणी काढेलच असं नाही. थायरॉइड कमी असेल तरी घोरणं वाढतं, ती तपासणीही होऊन जाऊ दे.

स्लीप स्टडी दोन प्रकारे होते. एक लॅबमध्ये रात्रभर, डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायाला वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी सेन्सर, ईसीजी, ऑक्सिजन, बघून वाटतं यात झोप कशी लागणार, पण लागते, आणि पूर्ण रात्र छान झोप मिळायची गरजही नसते. दुसरी घरी, छोटं मशीन लावून, नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. सरळसोट केससाठी घरची चालते. पण हार्ट फेल्युअर, स्ट्रोक होऊन गेलेला, फुप्फुसाचा मोठा आजार किंवा अफूवर्गीय पेनकिलर चालू असतील तर लॅबचीच करावी लागते. घरची नॉर्मल आली आणि लक्षणं मात्र जोरदार असतील तरी लॅबची मागून घ्या.

रिपोर्ट हातात आला की एएचआय बघा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा बराच कमी झाला. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर सिव्हिअर. पण मी म्हणेन तिथेच थांबू नका, खाली अजून दोन आकडे असतात, ऑक्सिजन कमीत कमी किती गेला आणि ९० च्या खाली किती वेळ राहिला. दोघांचा एएचआय २०, एकाचा ऑक्सिजन ८९ च्या खाली कधी गेलाच नाही आणि दुसऱ्याचा ७५ पर्यंत जाऊन रात्रीतला तासभर नव्वदच्या खालीच फिरतोय, तर हे दोघे सारखे नाहीत. हे आकडे बोट ठेवून डॉक्टरांना विचारा.

उपाय, आधी स्वतःच्या हातातले

दारू झोपण्याच्या किमान तीन-चार तास आधी बंद, ती घशाचे स्नायू आणखी ढिले करते आणि मेंदूचा अलार्मही उशिरा वाजतो. झोपेच्या काही गोळ्याही हेच करतात, तेव्हा घोरणं चालू असताना मनाने झोपेची गोळी घेऊ नका. सिगरेटने घशाला सूज येते, हार्टचं तर काय सांगायलाच नको.

कुशीवर झोपा. अनेकांचा ॲप्निया पाठीवर झोपल्यावरच जोर धरतो. टी-शर्टच्या पाठीला मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल टाकायची जुनी युक्ती आहे, पाठीवर वळलं की टोचतो आणि माणूस परत कुशीवर जातो, दिसायला हास्यास्पद आहे पण सौम्य केसमध्ये बऱ्याच जणांना चालते. उशांचा ढीग करून मान दुमडू नका, त्याने रस्ता अजून अरुंद होतो, उंची द्यायचीच तर बेडचा डोक्याकडचा भाग उचला. संध्याकाळी पायाला सूज येत असेल तर लक्षात ठेवा, आडवं झाल्यावर ते पाणी वर सरकतं आणि काही मानेच्या भागात येऊन घसा अरुंद करतं, त्यामुळे दिवसभर एकाच जागी बसून राहू नका, चाला, आणि सूज डॉक्टरांना दाखवा कारण ती हार्टचीही असू शकते.

वजन जास्त असेल तर तिथे खरा फायदा आहे. विस्कॉन्सिनच्याच अभ्यासात वजन १० टक्के घटलं तर एएचआय साधारण २६ टक्के कमी आणि १० टक्के वाढलं तर ३२ टक्के जास्त असा हिशोब दिसला. ९० किलोच्या माणसाचे ९ किलो म्हणजे थोडे नाहीत, मान्य, पण बीपी, शुगर आणि घोरणं तिघांवर एकदम काम होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपाटाईड या इंजेक्शनला लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते सिव्हिअर ॲप्नियाच्या पेशंट्ससाठी मान्यता मिळाली, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण मनाने नाही.

नाक चोंदलेलं असेल तर सलाईनने धुवा, ॲलर्जी असेल तर तिची ट्रीटमेंट घ्या. नाक लगेच मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर वापरले की नाक उलट जास्त चोंदतं, आणि सर्दीच्या ज्या गोळ्या नाक मोकळं करतात त्यातल्या काहींनी बीपी वाढतं, हाय बीपीवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जिभेचे आणि घशाचे व्यायाम रोज, काही महिने, चिकाटीने केले तर थोडा फरक पडतो. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचं फॅड चाललंय ते मात्र करू नका, ज्याचं नाक आधीच बंद आहे आणि घसाही बंद पडतोय त्याचं तोंडही चिकटवायचं, याला काय म्हणावं.

सीपॅप मशीन

मध्यम आणि सिव्हिअरसाठी पहिला उपाय हाच, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी दाखवलेला. मास्कमधून हवेचा हलका दाब येतो आणि घसा उघडा राहतो. हे ऑक्सिजनचं मशीन नाही, साधी खोलीतलीच हवा असते. पहिल्या रात्रीच फेकून द्यावंसं वाटतं हे खरंय, म्हणून डायरेक्ट रात्री लावू नका. चार-पाच दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना आधी नुसता मास्क, मग मशीन चालू करून अर्धा तास असं करा. दाब हळूहळू वाढवायचं सेटिंग असतं ते चालू करा. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर लावा. डोळ्यात वारा येत असेल किंवा फुसफुस आवाज येत असेल तर मास्कचा साइज चुकलाय, पट्टे आवळून काही होणार नाही, फक्त नाकावर वळ उठतील. मास्कची रबरी कड रोज पुसा, नाहीतर चेहऱ्याच्या तेलाने ती घसरायला लागते. आणि पूर्ण रात्र लावा, तीनला काढून ठेवलं तर पहाटेची सगळ्यात वाईट वेळ तशीच सुटते.

आता खरं सांगायचं तर हार्टच्या बाबतीत सीपॅपचा हिशोब लोकांना वाटतो तितका सोपा नाहीये. २०१६ मध्ये एक मोठी ट्रायल आली, आधीच हार्ट किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७१७ लोकांवर, त्यात सीपॅपने अटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत. घोरणं, दिवसाची झोप, मूड हे सुधारलं. पण त्यात लोकांनी मशीन सरासरी रात्रीचे ३.३ तासच वापरलं होतं, त्यामुळे नीट वापरलं असतं तर काय झालं असतं यावर अजून वाद चालू आहे. बीपी सरासरी दोन-तीन पॉइंटनेच उतरतं, गोळ्यांना न बधणाऱ्या बीपीत थोडं जास्त. म्हणून मशीन लागलं की बीपीच्या, हार्टच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

हार्ट फेल्युअरवाल्यांना एक खास सूचना. त्यांच्यात कधी कधी घसा बंद होत नाही, मेंदूच श्वासाचा सिग्नल द्यायचं थांबतो, हा वेगळा प्रकार, सेंट्रल ॲप्निया. यासाठीचं एएसव्ही नावाचं मशीन २०१५ च्या ट्रायलमध्ये हार्टचं पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असलेल्यांना उलट धोक्याचं ठरलं, मृत्यू वाढले. तेव्हा कोणाचं तरी जुनं मशीन आणून लावणं हा प्रकार त्यांनी अजिबात करायचा नाही.

सीपॅप झेपतच नसेल तर सौम्य-मध्यम केसमध्ये दाताच्या डॉक्टरकडून मापाने बनवलेलं, खालचा जबडा थोडा पुढे धरणारं उपकरण मिळतं. टॉन्सिल खूप मोठे असतील तर ऑपरेशनचा फायदा होतो, लहान मुलांच्या घोरण्यात तर टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) हेच आधी बघतात. उपाय कुठलाही केला तरी काही महिन्यांनी परत तपासून घ्या, कारण आवाज बंद झाला म्हणजे श्वासही सुरळीत झाला असं नसतं.

रात्री छातीत दाबल्यासारखं होऊन जाग आली, दुखणं हात, जबडा, पाठीकडे जात असेल, घाम फुटला असेल, किंवा आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागत असेल, तर त्यात घोरणं वगैरे काही बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची.

आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी गुडघ्याचं किंवा पित्ताच्या पिशवीचं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाचं आधी सांगा, नुसती शंका असेल तरी सांगा. भुलीच्या औषधांनी आणि नंतरच्या पेनकिलरने घसा जास्त ढिला पडतो, त्यांना त्याप्रमाणे औषधं बदलावी लागतात आणि ऑपरेशननंतर जास्त वेळ मॉनिटरवर ठेवावं लागतं. सीपॅप असेल तर मास्कसकट बॅगेत भरून न्या आणि वॉर्डच्या नर्सला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.